नानांचा मोजणीचा अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धंमुर्धं ठाऊक आहे, तेवढंच. नाशिकच्या ज्या जमीन मोजणीच्या कार्यालयात मी सत्तावीस वर्षं नोकरी करतोय, तिथून माझ्या सहीने बाहेर पडलेले शेकडो नकाशे मी सही करण्याआधी एका निवृत्त माणसाला दाखवून आणलेले आहेत. अकरा वर्षं, जवळजवळ दर रविवारी. कापडी पिशवीत नकाशाची प्रत आणि वर मेथीची जुडी, म्हणजे रस्त्यात कुणी भेटलं तर बाजारातून आल्यासारखं दिसावं. सिडकोत त्यांच्या घरी जायचं, टेबलावर प्रत पसरायची. ते चष्मा बदलायचे, बराच वेळ बघायचे आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ठिपका द्यायचे. तो ठिपका दिसला की सोमवारी माझा हात सहीसाठी उठायचा.

हे नियमात बसत नाही. पण नियमाची भीती मला फारशी नव्हती. 'एवढी वर्षं काम केलेल्या माणसाला ठिपका कशाला लागतो हो?' असं कुणी विचारेल, याची भीती होती.

त्या माणसाला सगळं ऑफिस नाना म्हणायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. उंच, किंचित पुढे झुकलेले, गालांची हाडं वर आलेली. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्याकडे प्रत्येक वस्तू दोन होत्या. दोन पेनं, दोन चष्मे, दोन घड्याळं, एक मनगटावर आणि एक शर्टाच्या खिशात. चपलेचा जादा अंगठा पिशवीत. काड्यापेटीत सुईदोरा, शिवाय दोन बटणं. मी एकदा विचारलं, "नाना, घड्याळं दोन कशाला?" तर म्हणाले, "एकच असलं आणि ते बंद पडलं, तर कुणाला तरी वेळ विचारावी लागते. वेळ विचारली की तो चहाला चला म्हणतो. मग त्याच्या मुलाची बारावी ऐकावी लागते."

कुणाच्या गाडीवर ते बसत नसत. एप्रिलच्या उन्हात साहेबांनी जीप थांबवून "बसा नाना" म्हटलं, तरी "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच" म्हणून चालत राहिले आणि तासाभराने घामाने निथळत पोचले. आमचा शिपाई म्हणायचा, "नाना मेले ना, तरी खांदा द्यायची गरज नाय. उठून चालत जातील अमरधामला, वर आम्हाला म्हणतील, तुम्ही व्हा पुढं." नानांच्या तोंडावर म्हणायचा. नाना नुसतं "बरं" म्हणायचे.

पाण्यासाठी देवळाली कॅम्पच्या बाजारातून घेतलेली लष्करी बाटली असायची, खाकी कापड चढवलेली. मोजणीला गेलं की शेतकरी आधी तांब्या पुढे करतात. नाना बाटली दाखवायचे. त्या काळी मोजणी प्लेन टेबलवर व्हायची. तिपाईवर लाकडी पाट, पाटावर कागद, आणि शेतात उभं राहून तिथल्या तिथे नकाशा काढत जायचा. कागदावर ऊन येऊ नये म्हणून कुणीतरी छत्री धरून उभं राहतं. नानांनी छत्री धरायलाही माणूस ठेवला नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबने ती तिपाईला करकचून बांधायचे. एकदा दिंडोरीच्या बाजूला वावटळ आली आणि छत्री तिपाईसकट निघाली, ती शेजारच्या द्राक्षबागेत. आम्ही चौघं धावलो. नाना ओरडले, "कुणी हात लावू नका! माझी आहे." स्वतः बागेत वाकून शिरले, काटक्यांनी ओरबाडून घेतलं आणि छत्री घेऊन आले. दोन काड्या मोडल्या होत्या. त्या त्यांनी तिथेच बसून तारेने बांधल्या. तारही अर्थात पिशवीत होती.

ते मूळ येवल्याचे. घरात पैठणीचा हातमाग. वडिलांच्या मागे तो चालवायचा सोडून ते मोजणीत कसे आले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मागावर ताणा संपला की नवा जोडायला दुसरं माणूस लागतं. त्याची वाट बघत बसावं लागतं. मला वाट बघणं जमत नाही." हे सांगणारा माणूस त्या वेळी तेहतीस फुटी साखळीचं एक टोक धरून बांधावर उभा होता आणि दुसरं टोक माझ्या हातात होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि भाकरीचं सांगायलाच हवं. दुपारी झाडाखाली बसलो की नाना आमच्याकडे पाठ करून डबा उघडायचे. कुणाच्या डब्यातलं घेणार नाहीत, लोणच्याची फोडसुद्धा नाही. पण अर्धं जेवण झालं की मागे न वळता हात लांब करायचे. हातात भाकरी, त्यावर मिरचीचा ठेचा. "घे. चुकून एक जास्त झाली." ही चूक बारा वर्षं, कामाच्या दर दिवशी झाली. स्वतःच्या हाताने भाकरी थापणारा, इंचाचा आठवा भाग सुटू न देणारा माणूस रोज पीठ मोजायला चुकतो, यावर मी विश्वास ठेवला. मला भूक असायची, आणि भाकरी चांगली असायची.

आता माझं. नोकरीतलं पहिलंच स्वतंत्र प्रकरण मी बिघडवलं होतं. एका बांधाची खूण चुकीच्या दगडावरून धरली आणि अख्खं शेत पावणेदोन हात पूर्वेला सरकवलं. नकाशा साहेबांकडे जायच्या आधी नानांच्या नजरेला पडला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, मलाही टाकायला लावली, आम्ही दोघं एसटीने त्या गावी गेलो आणि उभं शेत पुन्हा मोजलं. परत येताना एवढंच म्हणाले, "ऑफिसात सांगायचं नाही. मीही सांगणार नाही." त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी दुरुस्त नकाशा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी पहिला ठिपका दिला.

तिथून माझं जे सुरू झालं ते नकाशापुरतं राहिलं नाही. इंदिरानगरचा फ्लॅट घेऊ का, नानांना विचारलं. मुलाला कुठल्या माध्यमात घालू, नानांना विचारलं. मुलगी बघायला गेलो तेव्हाही नानांना बरोबर नेलं होतं. पोहे त्यांनी खाल्ले नाहीत, बाटलीतलं पाणी प्यायले, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "मुलगी चांगली आहे. जिना फार अरुंद आहे." मी लग्न केलं. बायकोला हे कळलं तेव्हापासून तिच्या हातात एक कोलीतच आलं. "आज भेंडी करू की गवार? विचारा नानांना." एकदा ती चिडून म्हणाली, "उद्या मी गेले तर रडायचं की नाही तेसुद्धा सिडकोत जाऊन विचारून याल!" मी हसलो. ती हसली नव्हती.

नाना स्वतः मला झापायचे. "किती दिवस विचारशील? डोकं कशाला दिलंय?" सगळ्यांसमोर झापायचे. पण दोन दिवस मी काही विचारलं नाही, की तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे. "पेन्सिलीला टोक कुठंय? अशा पेन्सिलीने नकाशा काढतात?" आणि खिशातून ब्लेड काढून माझ्या पेन्सिली तासत बसायचे. एकदा ते दौऱ्यावर असताना मी एक नकाशा ठिपक्याशिवाय पाठवला. बरोबर होता. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या आठवड्यात भाकरी नेमकी झाली, जास्त झाली नाही. मला वाटलं, आपलं काम त्यांना आवडलं नाही. मी माफी मागितली. सोमवारी पुन्हा पीठ चुकलं.

त्यांना नुसतं विक्षिप्त म्हणून सोडून देता येणार नाही. कारण मोजणीत त्यांच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गिरणारेच्या पुढे दोन चुलतभावांची हद्दीची भांडणं होती. पंधरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. दोघांच्या मध्ये जेमतेम दोन हात रुंदीची पट्टी आणि तिच्यात एक कडुनिंब. आधीच्या दोन मोजण्या दोघांनी मान्य केल्या नव्हत्या. 'मोजणीवाल्याने साखळी त्याच्याकडं ढिली सोडली,' ही दोघांची तक्रार. नाना गेले, सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तू बाजूला हो." मग साखळीचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या.

"हे काय साहेब? हे आमचं काम हाय का?" थोरला म्हणाला.

"हद्द तुमची. तुम्हीच धरा. मी फक्त वाचणार."

दोघं टोकं धरून उभे. मध्ये साखळीला झोळ.

"साहेब, तो वढत नाय!" धाकटा नानांना म्हणाला.

"मला नका सांगू. ज्याच्या हातात टोक आहे त्याला सांगा."

बांधावर गाव जमलेलं. शेवटी धाकटा दुसरीकडे बघत म्हणाला, "वढा की."

"वढलंय! तूच खाली वाकीव जरा. टाचेखाली धर, टाचेखाली."

"धरलंय टाचेखाली. आंधळे झाले का?"

"तुला लय दिसतंय!"

आणि बांधावरच्या एका म्हातारीला हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. चार तास ते दोघं एकमेकांना शिव्या घालत साखळी ओढत होते. संध्याकाळी हद्द कडुनिंबाच्या बुंध्यातून गेली, अर्धं झाड याचं, अर्धं त्याचं. दोघांनी सह्या केल्या. मग चहा आला, एकाच किटलीतून. नानांनी बाटली दाखवली. थोरला म्हणाला, "आमचं तोंड उघडून दिलं, अन् सोता आमचा घोटभर चहा बी घेईना. हे कसलं साहेब?" नाना तिपाई आवरत होते. त्यांनी ऐकलं. कान लाल झाले होते त्यांचे. पण चहा घेतला नाही.

ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी दोन वाक्यांचं भाषण केलं, दोन्ही साखळीला तेल देण्याबद्दल. जुनी तेहतीस फुटी साखळी ऑफिसने भंगारात काढली होती, ती त्यांनी घेतली. आणि माझे रविवार सुरू झाले.

त्या रविवारांबद्दल मला वाईट बोलवत नाही. सिडकोतलं एका खोलीचं घर, खिडकीत टेबल. टेबलावर माझ्या प्रतीखेरीज काही नसायचं. ते तासभर नकाशा बघायचे, मी रेडिओ ऐकायचो. मग दोन कप चहा. त्यांच्या घरचा चहा मी घेतलेला मात्र त्यांना चालायचा. मधल्या काळात मला बढती मिळाली. आता मोजणीचे अर्ज माझ्याकडे येतात, ते कुठल्या मोजणीदाराला द्यायचे हे मी ठरवतो आणि तयार नकाशावर शेवटची सही करतो. लोक मला साहेब म्हणतात. साहेब रविवारी पिशवी घेऊन सिडकोत.

मग एका वर्षी नाना बहिणीच्या आजारपणासाठी तीन आठवडे येवल्याला गेले. माझ्या टेबलावर अकरा नकाशे साचले. मी पेन उचलायचो आणि पुन्हा खाली ठेवायचो. एक अर्जदार बाई काउंटरवर ओरडल्या, "साहेब, सहीच करायचीय ना? सोनं का मागतोय आम्ही?" त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसलो आणि अर्धा तास बाहेर आलो नाही. बायकोला सांगावं लागलं. ती या खेपेला टोमणा न मारता म्हणाली, "चला. मी येते बरोबर." गंगापूर रोडला एक मानसोपचाराच्या बाई होत्या, साठीच्या, सुती साडीतल्या. त्यांच्याकडे आम्ही गेलो.

बाईंनी चार-पाच भेटींत माझ्याकडून सगळं काढून घेतलं, भाकरीसकट. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमचं आहे त्याला आमच्याकडे नाव आहे, पण नावाचं काही लोणचं घालायचं नाही. तुम्हाला दुसऱ्याचा आधार लागतो आणि तो लागतो हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही निदान इथवर आलात."

"आणि नानांना कुणाचाच लागत नाही," मी म्हटलं.

बाईंनी विचारलं, "रोज एक भाकरी जास्त करणाऱ्या माणसाला?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"त्यांना तुमच्याइतकाच लागतो हो. बहुतेक जास्तच. फक्त त्यांना तो घेता येत नाही, म्हणून ते देत राहतात. आणि हे त्यांचं त्यांना माहीत नसणार. कुणी सांगितलं तर भांडतील."

मग त्यांनी मला हळूहळू ठिपका सोडवायची रीत सांगितली. आधी आठवड्याला एक नकाशा स्वतःच्या भरवशावर, मग दोन. आणि दारापर्यंत सोडायला येऊन त्या म्हणाल्या, "एक करा. त्यांना सांगा. तुम्ही काय करताय आणि का, ते सांगून करा. अचानक बंद करू नका. आणि नकाशा नसला तरी रविवारी जात जा."

मी मान डोलावली. मी सांगितलं नाही. हळूहळूही सोडलं नाही. एका रविवारी पाहुणे होते म्हणून गेलो नाही, दुसऱ्या रविवारी पाहुणे नव्हते तरी गेलो नाही. सोमवारी साचलेल्या सगळ्या नकाशांवर सह्या केल्या आणि मला असं हलकं वाटलं, की मी ऑफिसात सगळ्यांना वडे खाऊ घातले. त्या हलकेपणात मला नानांचा रागच आला होता, हेही आता सांगून टाकतो. या माणसाने आपल्याला इतकी वर्षं पांगळं ठेवलं, असं मला वाटत होतं. आपणच त्यांच्या दारात जात होतो, हे सोयीस्करपणे बाजूला ठेवून.

नाना कधी फोन करायचे नाहीत. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचे तीन फोन आले. तिन्ही वेळा म्हणाले, "चुकून लागला," आणि ठेवून दिला.

दीडेक वर्ष गेलं. एका सकाळी संगणकावर आलेले नवे अर्ज छापून माझ्या टेबलावर ठेवलेले होते. त्यांत नानांचा अर्ज होता. मखमलाबाद शिवारात त्यांचा पाच गुंठ्यांचा प्लॉट होता, तीन लिंबाची झाडं असलेला. त्याच्या चारी कोपऱ्यांचे दगड त्यांनी स्वतः पुरले होते, माझ्यादेखत. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला ओढा, उरलेल्या दोन्ही बाजूंना कुणी राहत नव्हतं. भांडायला माणूसच नव्हता. अर्जात कारण लिहिलं होतं, 'हद्दीबाबत शंका'. प्रकार निवडला होता साधा. म्हणजे तीन-चार महिने थांबायची तयारी. आणि हे अर्ज आता ऑनलाइन भरायचे असतात. कीपॅडचा फोन वापरणाऱ्या नानांनी सेवा केंद्रात रांगेत उभं राहून कुणाला तरी 'माझा एवढा फॉर्म भरून द्या' म्हटलं असणार.

मी तो कागद हातात धरला आणि मला एका क्षणात सगळं समजलं. आयुष्यभर ज्याला जमिनीबद्दल शंका आली नाही त्या माणसाला हद्दीची शंका आली नव्हती. त्याने मला बोलावलं होतं. त्याला येत असलेल्या एकमेव रीतीने, रीतसर.

त्या महिन्यात मी स्वतः दोन मोजण्यांना गेलो होतो. जाता आलं असतं. पण मला भीती वाटली. वाटलं, त्या बांधावर उभा राहिलो की मी पुन्हा पिशवीवाला होईन. मी नानांचा अर्ज आमच्या एका मोजणीदार बाईंच्या नावे टाकला. सटाण्याकडच्या, कामाला चोख. त्यांच्याकडे रोव्हर आहे. उपग्रहावरून जागा पकडणारी काठी असते ती. एकटा माणूस कोपऱ्यावरून कोपऱ्यावर नेत जातो. समोर टोक धरायला कुणी लागत नाही.

मोजणी झाली त्या दिवशी बाई दुपारी परत आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या.

"सर, ते आजोबा तुमच्या ओळखीचे ना?"

"आपल्याच ऑफिसचे. का?"

"वीस मिनिटांत झालं माझं. सगळे दगड जिथल्या तिथे. ते बिचारे जुनी साखळी घेऊन उभे होते, तेल-बिल लावलेली. मी म्हटलं, बाबा, ती नाही लागत आता. तर म्हणे, बरं. दोनदा विचारलं, साहेब मागून येणारेत का? मी म्हटलं, नाही, मी एकटीच." त्यांनी पिशवीतून फाइल काढली. "दोन डबे आणलेले त्यांनी. मला म्हणाले, घे बाई, चुकून जास्त झालीये."

"मग?"

"जेवले मी. नाही कसं म्हणायचं? पण सर, तो डबा काही माझ्यासाठी नव्हता. एवढं कळतं मला." आणि फाइल माझ्यापुढे सरकवून त्या उठल्या. नकाशा निर्दोष होता. मी त्यावर लगेच सही केली.

चार महिन्यांनी आमच्या निवृत्त शिपायाकडून समजलं की नाना बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, बहीण येवल्याला घेऊन गेली. मला जायला आणखी आठ महिने लागले. कारणं बरीच होती. त्यांतलं एकही इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही.

येवल्याच्या घरात पुढच्या खोलीत माग चालू होता. आक्का, म्हणजे त्यांची बहीण, पंच्याहत्तरीच्या आसपासच्या, दारात आल्या. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे रविवारचे तुम्हीच का?" आणि आत घेऊन गेल्या. "बघा तुम्हीच. मला हात लावू देत नाही. दोरी बांधून घेतलीये."

खरंच खिडकीच्या गजाला दोरी होती, वीतवीतभर अंतरावर गाठी मारलेली. ती धरून नाना एकेक गाठ चढत उठून बसले. बराच वेळ लागला. मी पुढे झालो तर म्हणाले, "बस तू." ते अर्धे झाले होते. मनगटावर घड्याळ नव्हतं.

त्यांनी ऑफिसचं विचारलं. रोव्हरचं कौतुक केलं. "चांगलं मशीन आहे. आणि ती बाई हुशार आहे. दगडाला हात लावून बघितला तिने. हल्ली कुणी बघत नाही." मग त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. आणि माझ्याकडे न बघता, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं ते म्हणाले, "हद्द ठीकच होती रे. मला तुझी सवय लागली होती. म्हणून अर्ज केला."

असं वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल. मानसोपचाराच्या बाईंनी सांगितलं होतं, त्यांचं त्यांना माहीत नसणार. त्यांना माहीत झालं होतं. अंथरुणावर पडून, कुणाच्या मदतीशिवाय, त्यांनी ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं आणि त्र्याहत्तराव्या वर्षी एका वाक्यात सांगितलं होतं. मला त्याच गोष्टीसाठी पाच भेटी आणि शिकलेल्या बाई लागल्या होत्या.

आणि मी म्हणालो, "नाना, अर्ज माझ्यापर्यंत आलाच नाही हो. आता सगळं ऑनलाइन असतं. कुणाला काम द्यायचं ते संगणकच ठरवतो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले, "मग ठीक." आणि आक्कांना हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. स्वतःसाठीही अर्धा कप. तो त्यांनी आक्कांच्या हातून घेतला.

निघताना आक्का रस्त्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमचा कागद असतो त्याच्या उशाशी."

"कसला कागद?"

"तो मखमलाबादच्या जागेचा नकाशा नाही का. सारखा काढून बघतो. मला दाखवला. ती खालची सही तुमचीच ना? म्हणाला, 'बघ कशी ठसठशीत केलीये. पूर्वी हात उठायचा नाही त्याचा. आता कुणाला विचारत नाही.' लोकांनाही दाखवतो. आमच्या मागावरच्या बायकांनाही दाखवली सही."

अर्ज मला मिळाला नाही, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा माझ्या सहीचा कागद त्यांच्या उशाशी होता. आणि जो अर्ज वाटतो तोच शेवटची सही करतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी येऊ शकत होतो आणि आलो नाही, हे त्यांना मी घरात पाऊल टाकायच्या आधीपासून माहीत होतं. तरी ते बोलले. आणि मी खोटं बोललो तेव्हा माझी लाज राखायला 'मग ठीक' म्हणाले.

त्यानंतर मी येवल्याला गेलेलो नाही. नाना आहेत. आक्कांच्या हातून आता जेवतात म्हणे, कुरकुर करत.

अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. मी तो वाचला, मला तो कळला, आणि म्हणूनच मी आलो नाही. एवढं नानांच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघत सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे.